एच सायलेंट, ई मात्र बोलायचा

वहिनी,

काल शाळेत तुझी शोकसभा होती. नव्या मुख्याध्यापकांनी तुला पाहिलेलंही नाही. तू नागपूरच्या दवाखान्यात असताना ते रुजू झाले. हातातल्या कागदावरचं नाव त्यांनी आधी मनात वाचलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "आपल्या शाळेच्या ज्येष्ठ शिक्षिका श्रीमती... चलोए मॅडम..."

मागून आवाज आला, "क्लोई, सर."

तो एकीचा आवाज नव्हता. तुझ्या कितीतरी जुन्या विद्यार्थिनी मागच्या बाकांवर बसल्या होत्या. कुणी साकोलीहून आलेली, कुणी तुमसरहून. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या डोक्यावर पदर. ठरवून काही बोलल्या नव्हत्या त्या. ते त्यांच्या तोंडातून निघून गेलं, इतकंच. सर थबकले, "माफ करा" म्हणाले आणि वाक्य पहिल्यापासून वाचलं. माझ्या शेजारी तुझी लेक मंजू बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला. माती देताना मला रडू आलं नव्हतं, वहिनी. ते काल आलं.

तू लाखनीला आलीस तेव्हा मी दहावीत होते. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. दादा त्याच शाळेत गणित शिकवायचा आणि मी शिकायला म्हणून आमच्या गावाहून, एकोडीहून येऊन त्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहायची. नव्या इंग्रजीच्या मॅडम भंडाऱ्याच्या आहेत, ख्रिश्चन आहेत, एवढंच आम्हाला कळलं होतं. तू वर्गात आलीस, फळ्यावर मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलंस आणि म्हणालीस, "वाचा."

सी, एच, एल, ओ, ई. आम्ही स्पेलिंग जुळवलं आणि सगळा वर्ग एका दमात ओरडला, "चलो!"

बाहेर हायवेवर ट्रकचे क्लीनर दिवसभर हेच ओरडायचे. पोरी हसून हसून बाकांवर आडव्या झाल्या. आता ही छडी काढणार असं मला वाटलं. तू खडू हातात धरून तशीच उभी राहिलीस आणि विचारलंस, "चलो तर चलो, पण जायचं कुठं?" मग तूही हसलीस. हसून झाल्यावर एचखाली रेघ ओढलीस. "हा सायलेंट. आणि हा शेवटचा ई, एरवी इंग्रजीत गप्प बसतो, इथं मात्र बोलतो. पाठ करा. एच सायलेंट, ई मात्र बोलायचा. क्लो-ई."

त्या दिवशी धडा झालाच नाही. पुस्तकात जी जी नावं होती ती तू आमच्याकडून वाचून घेतलीस. आम्ही थॉमस म्हटलं, तू म्हणालीस टॉमस. आम्ही स्टेफेन म्हटलं, तू म्हणालीस स्टीव्हन. एच, यू, जी, एच हे नाव तर कुणाला वाचताच येईना. "हग्ह, हग्ह" करत पोरी खोकल्यासारख्या करायला लागल्या. तू ओठांचा चंबू करून दाखवलास, "ह्यू. बस, एवढंच."

मीच विचारलं होतं, "मॅडम, लिवतात एक अन् बोलतात एक, असं काहून?"

"कारण यातली बरीच नावं मुळात इंग्रजांची नाहीतच," तू म्हणालीस. "कुणी ग्रीक, कुणी हिब्रू, कुणी लॅटिन. लांबून आली, वाटेत त्यांचे उच्चार झिजले, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. एडवर्ड हे खरं त्यांच्या घरचं. त्याचा अर्थ धन राखणारा. आपल्याकडे त्याला धनपाल म्हटलं असतं."

मग तू एकेक नाव घेऊन आमच्या अंगणात आणून बसवलंस. मार्गारेट म्हणजे मोती, म्हणजे आपली मुक्ता. डोरोथी म्हणजे देवानं दिलेली. पॉल म्हणजे लहानू. "माह्या बाबाचं नाव!" कुणीतरी ओरडलं. आणि पीटर म्हणजे धोंडू. आमच्या वर्गात धोंडाबाई होती. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं दगडाचं नाव ठेवलेलं. हजेरीला ती नेहमी मान खाली घालून ओ द्यायची. तू तिच्या बाकापाशी गेलीस. "येशूच्या पट्टशिष्याचं नाव हेच आहे. धोंडा. जगभर लोक पोरांना हे नाव ठेवतात आणि अभिमानानं सांगतात. तू काय खाली बघतेस?" दुसऱ्या दिवशी हजेरीला धोंडाबाईनं इतक्या जोरात ओ दिली की तूच दचकलीस.

"आणि तुमच्या नावाचा अर्थ, मॅडम?" आम्ही विचारलं. "तो नंतर," एवढंच म्हणालीस. आम्हाला त्या वर्षी तो काही कळला नाही.

दादाचं आणि तुझं कसं जमलं हे मला तूच सांगितलंस, पुष्कळ वर्षांनी. शिक्षकांच्या खोलीत तुला कुणी कोलाय म्हणायचं, कुणी मिस चोले. बरेचसे तर नाव घ्यायचंच टाळायचे. "अहो मॅडम" म्हणून मोकळे व्हायचे. दादा एक दिवस तुझ्या टेबलापाशी आला, कान लाल झालेले, आणि म्हणाला, "तुमचं नाव बरोबर कसं म्हणायचं ते एकदा सांगा. चुकीचं घेतलं तर मलेच बरं वाटणार नाही." तू सांगितलंस. तो म्हणाला, तू दुरुस्त केलंस, तो परत म्हणाला. "तुझ्या दादानं दुसरं काही केलंच नाही गं," तू मला म्हणाली होतीस, "नुसतं माझं नाव घेतलं."

घरी सांगायची वेळ आली तेव्हा आमच्याकडे काय झालं, ते मी तुला कधी सगळं सांगितलं नाही. माय दोन दिवस चुलीपाशी गेली नाही. "ख्रिस्तावाची पोरगी आनून मले गावात तोंड दाखवू देनार नाईस का तू?" असं ती दादाला म्हणाली. नातेवाईक येऊन बसायचे, उठायचे, पुन्हा यायचे. बाबूजी उठून शेतावर निघून जायचे. शेवटी ते दादाला म्हणाले, "पोरीले एक डाव घेऊन ये. पाहिल्याबिगर मी काय बोलू?"

तू आलीस तेव्हा धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस होते. बाबूजी बांधीतूनच आले, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी. तू उठून उभी राहिलीस. त्यांनी तुझं गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. मग म्हणाले, "बाई, तुह्या नावाचा काही मतलब होते का? का असंच ठेवलं?"

तू त्यांच्या हाताकडं पाहिलंस.

"होतो ना, बाबूजी. तुमच्या हातात आहे तेच. धान्याचा कोवळा हिरवा कोंब. ग्रीक लोकांचं नाव आहे. माझ्या आईचं बाळंतपण एका विलायतेच्या डॉक्टरणीनं केलं, तिनं ठेवलं."

बाबूजींनी जुडी वर उचलून पाहिली, जणू पहिल्यांदाच बघत होते. "हे? पऱ्हे?"

"हो."

बाबूजींनी जुडी अलगद खाली ठेवली. मग ते खाटेवर बसले आणि त्यांना आठवतील ती इंग्रजी नावं विचारायला लागले. फार आठवतही नव्हती. "आमी शाळेत होतो तवा भिंतीवर राजाचा फोटू होता. पंचम जॉर्ज. त्याचा काय मतलब?"

"जॉर्ज म्हणजे शेतकरी. जमीन कसणारा."

"मजाक करून राहिली का वो?"

"नाही, खरंच."

बाबूजी हसायला लागले. इतके हसले की माय आतून बाहेर आली. "ऐकलं का," ते तिला म्हणाले, "राजाचं नाव शेतकरी होतं, अन् आपल्याले कोनं सांगतलंच नाई! आपन उगाच त्याले भेत होतो." चिखलाच्या हातानं त्यांनी डोळे पुसले. त्यांचं झालं होतं. तुझ्यात जे काय पाहायचं ते त्यांनी पाहून घेतलं होतं.

मायचं मात्र झालं नव्हतं. लग्न कोर्टात व्हायला तिनं होकार दिला, पण एका अटीवर. घरी तांदळाच्या ताटात नाव लिहायचं, आणि ते तिनं ठरवलेलं. "आमच्या घरात येनाऱ्या सगळ्या सुनांचं नाव बदललं. माह्यं बी बदललं. हिचंच काहून नाई बदलाचं?" नाव तिनं ठरवून ठेवलं होतं, कमल.

ताटापाशी दादाच्या हातात अंगठी होती आणि ती तांदळावर टेकतच नव्हती. तो तुझ्याकडं बघत होता. मी तुझ्यामागं बसले होते आणि मनात म्हणत होते, नाही म्हण, नाही म्हण. तू मायकडं वळलीस.

"माय, तुम्ही कमल म्हणून हाक मारा, मी ओ देईन. पण शाळेत, सहीत आणि यांच्या तोंडी माझं नाव क्लोईच राहील. चालेल का?"

मायनं नुसतं ताटाकडं बोट केलं. दादानं लिहिलं, कमल.

मला ते कधी पटलं नाही. तुझ्यामाझ्यातला तो कायमचा वाद. ज्या नावासाठी तू सगळ्या वर्गाला, सगळ्या शाळेला वळण लावलंस, ते घरच्या उंबऱ्यावर का सोडलंस? मी तेव्हा तुला अजून "मॅडम, तुम्ही" म्हणत होते. "घरात मॅडम म्हटलंस तर गृहपाठ देईन," अशी धमकी देऊन तूच मला "वहिनी, तू" शिकवलंस, आणि ते शिकल्यावर मी पहिलं भांडण हेच केलं. तू तांदूळ निवडत म्हणालीस, "सुसान नावाचा अर्थ काय ठाऊक आहे? पाण्यातलं फूल. जवळजवळ कमळच. क्लोई बायबलात आहे, तशी सुसानही. मायनं मला पुन्हा बायबलमधलंच नाव ठेवलंय आणि त्यांना पत्ताच नाही. सांगू नकोस हं." मी हसले नाही म्हणून तू मला कोपरखळी मारलीस.

मंजूच्या जन्माच्या वेळची गोष्ट मी तुम्हा दोघींकडून किती वेळा ऐकली, नाही? माय एक सांगायची, तू दुसरी. तुझे दिवस भरायला अवकाश होता आणि एकाएकी त्रास सुरू झाला. दादा पेपर तपासायला नागपूरला गेलेला. शेजाऱ्यांनी तुला जीपमध्ये घालून भंडाऱ्याला नेलं आणि एकोडीला निरोप पाठवला. बाबूजी तापानं पडले होते. माय एकटी एसटीत बसून निघाली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. दवाखान्यात जाऊन तिनं विचारलं, "माही सून आनली का इथं? कमल." त्यांनी पाहिलं. कमल नावाचं कुणी नव्हतं. तिनं दादाचं नाव सांगितलं, तेही वहीत नव्हतं. आणणाऱ्या शेजाऱ्यांनी घाईत तुझं एकटीचंच नाव सांगितलं होतं. माय या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. बायका कण्हत होत्या, पडदे लावलेले होते आणि तिला कुणीच ओळखीचं दिसेना. आपली सून गेली, आणि लोक सांगत नाहीत, असं तिच्या मनात येऊन बसलं.

मग मधल्या व्हरांड्यात उभी राहून तिनं ते नाव घेतलं. घरात इतकी वर्षं ऐकलेलं, कधी तोंडी न आणलेलं. "किलोई! ओ किलोई! कुठी हायेस वो माय?"

पडद्यामागून तू ओ दिलीस.

माय आजही म्हणते की तिनं नाव अगदी बरोबर घेतलं होतं. तू म्हणायचीस, किलोई, चक्क किलोई, आणि त्याच्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचीस. एवढं मात्र दोघी सारखंच सांगायच्या, की त्या रात्रभर मायनं तुझा हात सोडला नाही आणि मंजूला आधी तिच्याच हातात दिलं. घरी आल्यावर माय पुन्हा कमलच म्हणायला लागली. पण शेजारची एखादी बाई "तुमची चलो कशी हाय?" म्हणाली की माय तिला फाडून खायची, "चलो काय वो? नीट नाव घे माह्या सुनेचं."

आणि मग तू लेकीचं नाव मंजू ठेवलंस. दादा म्हणत होता, तुला आवडेल ते ठेव. बाबूजी तर म्हणाले, "तुह्या नावासारखंच काही पाहा, शेतातलं." तू मंजूवर अडून बसलीस. मी रागावले. म्हटलं, एवढी नावं तुला ठाऊक, एवढे अर्थ ठाऊक, आणि पोरीला तू रस्त्यात चार भेटतील असलं नाव दिलंस? तू मला पहिल्यांदा थोडं चिडून उत्तर दिलंस.

"शाळेच्या पहिल्या दिवशी तुला कधी वर्गात उभं राहून स्वतःचं नाव समजावून सांगावं लागलं? बँकेत? दवाखान्यात? एसटीच्या रांगेत? मी लहानपणापासून सांगतेय. दर वेळी हसून सांगतेय. मला येतं ते, मला आवडतंही. पण ते मी तिच्या गळ्यात बांधणार नाही."

"पण तिला विचार तर," मी म्हटलं. "तिला मोठं होऊन हवं असलं तर?"

"तेव्हा बघू," तू म्हणालीस.

नागपूरच्या दवाखान्यात आपण शेवटचं बोललो तेव्हाही विषय तोच निघाला. कावीळ एवढी वाढेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि दोन वाक्यांमध्ये तुला दम लागत होता. तू म्हणालीस, "मंजू परवा विचारत होती, मंजू या नावाचा अर्थ काय." मी विचारलं, "मग काय सांगितलंस?" तू डोळे मिटलेस. मला वाटलं, हसते आहेस. "तुझीच बाजू घेतेय ती," म्हणालीस. "बरी होऊन आले की तिघी बसून भांडू." नर्सनं मला बाहेर काढलं. मी उद्या येते म्हणाले, आणि आले. पण तेव्हा तू कुणाशीच बोलत नव्हतीस.

तुला घरी आणलं तेव्हा अंगणात माणसं जमली होती. तुझा थोरला भाऊ भंडाऱ्याहून येऊन एका कडेला उभा होता. तुला मातीसाठी मागावं, एवढा धीर त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. आमच्यातले काही म्हणत होते, सून या घरची, अग्नी इथंच. दादाला भानच नव्हतं. बाबूजी असते तर, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात माय भिंतीला धरून उठली.

"तिनं आपला देव कधी सोडला नाई," ती म्हणाली. "आपन सोडाले लावलाबी नाई. आता ते बोलू शकत नाई, तर आपन लावाचं का? तिच्या लोकांत घेऊन चला तिले."

 वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा माय गाडीत तुझ्या पायांपाशी बसली होती.

आज सकाळी आम्ही पुन्हा भंडाऱ्याला गेलो, दगड सांगायला. घडवणाऱ्यानं विचारलं, काय कोरायचं? दादानं तुझ्या भावाकडं पाहिलं. तुझा भाऊ सांगायला लागला तर मंजू मध्येच म्हणाली, "वर आई लिहा."

"आई सगळ्यांचीच असते, बेटा," तो हळूच म्हणाला. "दगडावर नाव लागतं."

"मग खाली नाव लिहा."

त्या माणसानं खडूनं पाटीवर लिहून दाखवलं. आई. त्याखाली क्लोई, मराठीत आणि इंग्रजीत. मंजूनं इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवून स्पेलिंग तपासलं. माय बाहेर फरशांच्या ढिगावर बसली होती. तिला वाईट वाटू नये म्हणून मी जाऊन विचारलं, "माय, कमल बी लिवाचं का?"

तिनं मान हलवली. "नाई. ते नको लिहू."

मला वाटलं, ती रागावली. "काहून?"

"ते लोकाले वाचाले नोहे," माय म्हणाली. "ते मी तिले बलावाचं नाव हाये. दगडावर कायले पायजे? मी जाईन तवा माह्यासंग जाईल."

वहिनी, त्या नावावरून मी तुझ्याशी किती भांडले. ते तुझ्यावर लादलंय असं दर वेळी म्हणाले आणि दर वेळी तू "राहू दे ना गं" म्हणून कामाला लागलीस. हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर मला का नाही सांगितलंस? आणि नसेल, तर मी आता कुणाला सांगू?

पुढच्या आठवड्यात दगड बसेल. त्याच्यावर आई असेल आणि क्लोई असेल. कमल मायजवळ राहील.